घराण्याचा ॲडमिन

प्रत्येक घराण्यात एक दादा असतो. वयाने तो थोरला असेलच असं नाही, पण कुणाची साठी, पंच्याहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं की त्याचा आवाज थोरला होतो. निवृत्त होताना ऑफिसने त्याला घड्याळ दिलेलं असतं आणि वेळ घालवायला काही दिलेलं नसतं. मग तो नात्यातल्या म्हाताऱ्यांच्या वयावर नजर ठेवून बसतो. कुणाला सत्तरावं लागतंय, कोण पंच्याहत्तरीला टेकलंय, सगळं तोंडपाठ. "मामा, भैमरथी हुकली, आता ऐंद्री सोडायची नाही," असं तो अशा सुरात बजावतो की, मामांना आपला विम्याचा हप्ता थकल्यासारखं वाटतं.

आमचा दादा मध्यंतरी आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या मागे होता. गुरुजी म्हणाले, "एक्याऐंशीवं लागलंय ना? मग सोयीने कधीही करा." दादाला 'सोयीने' चालत नाही. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस, हजार पौर्णिमांचे झाले 29,530, म्हणजे 80 वर्षं आणि दहा महिने, असा हिशेब त्याने एक्सेलमध्ये मांडला. अडलं ते जन्मतारखेपाशी. शाळेच्या दाखल्यावर होती 1 जून. त्या काळी मास्तरांनी दाखल करून घेताना किती पोरांना 1 जूनला जन्माला घातलं, त्याला गणती नाही. शेवटी आत्यालाच विचारलं.

"तारीख कुणाला ठाऊक! पण माझ्या बारशाच्या दिवशी मुंबईत गोदीत स्फोट झाला. माझी आई सांगायची, घुगऱ्या तशाच राहिल्या."

दादा ताडकन उठला. गोदीतला स्फोट 14 एप्रिल 1944 चा. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे जन्म 3 एप्रिल! ऐंशी वर्षांनी आत्याला स्वतःचा वाढदिवस मिळाला. एक्सेलने दिवस काढला 7 फेब्रुवारी 2025 आणि हॉल मिळाला मे महिन्यातल्या रविवारी. दादा हळहळला. आत्या म्हणाली, "असू दे रे. तीन पौर्णिमा वरकड."

मग व्हॉट्सॲपवर 'सहस्रचंद्र कोअर कमिटी' निघाली. कमिटीत अठ्ठेचाळीस जण होते, कारण कुणाला वगळलं तर तो जेवायला आला नसता. तुला गुळाची की पुस्तकांची, यावर पंधरवडा गेला. अमेरिकेतल्या भाच्याने मध्यरात्री नाण्यांची सूचना केली, तेव्हा नाणी तू पाठव, असं दादाने लिहिलं आणि ती सूचना मागे घेतली गेली. पुस्तकं ठरली, ती नंतर वाचनालयाला द्यायची. बायकांना जांभळ्या काठाची साडी सक्तीची झाली. आत्याला साडी कोणती हवी, हे विचारायचं मात्र राहिलं.

कार्याच्या दिवशी दादा कमरेला बॅटरी आणि कॉलरला माइक लावून फिरत होता. चांदीच्या चंद्राची पूजा झाली, होम झाला. कणकेचे 81 दिवे विझू नयेत म्हणून भर मे महिन्यात पंखे बंद केले. सुना-लेकी घामाघूम होऊन ओवाळत होत्या आणि दादा ओरडत होता, "ताट जरा उंच! फोटोत आत्या दिसत नाही!" दुसऱ्यांदा ओवाळणं झालं ते कॅमेऱ्यासाठी.

तुलेला आत्या पारड्यात बसली. जेमतेम बेचाळीस किलोंची बाई. दादाने दुसऱ्या पारड्यात विश्वकोशाचे खंड रचले आणि आत्या एकदम अधांतरी. तिने साखळी घट्ट धरली आणि वरूनच सांगितलं, "अरे, ते दोन उचल आणि दिवाळी अंक घाल. वजन नसतं त्यांत."

मग दादानेच लिहिलेलं मानपत्र दादानेच वाचलं. त्यात आत्या 'वात्सल्यसिंधू' होती. तिने तीस वर्षं गणित शिकवलं, आणि समोर खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी पाढे चुकल्याबद्दल तिच्या हातची पट्टी खाल्ली होती. सगळ्यात जास्त दादाने. मसालेभात, अळू, जिलबी, मठ्ठा अशा तीन पंगती उठल्या. दादा जेवला नाही, पानं मोजत राहिला. केटररने 212 सांगितली, दादाची 207 भरली, आणि त्या पाच पानांसाठी तो रात्री नऊपर्यंत भांडला.

त्याला आम्ही मागून हसतो. पण त्याचा हा जाच नसता, तर आम्ही सगळे एका छताखाली फक्त तेराव्यालाच जमलो असतो. तिथे जिच्यासाठी जमायचं, ती भेटत नाही.

त्याच रात्री ग्रुपचं नाव बदलून 'मामांचा अमृतमहोत्सव' झालं. पाच मिनिटांत मामा ग्रुप सोडून गेले. सहाव्या मिनिटाला दादाने त्यांना परत आत घेतलं आणि विचारलं, "मामा, तुमचं वजन किती?"