राजारामपुरीचा गृहवैमानिक

कोल्हापूरच्या राजारामपुरीत, म्हणजे जिथे गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि पत्ता सांगणारा माणूस तो बोटांवर मोजून सांगतो अशा वसाहतीत, गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रकारच्या गृहस्थाचा उदय झालेला दिसतो. विमानविद्येच्या परिभाषेत त्याला वैमानिक म्हणता येत नाही, कारण परवान्याचा अर्जदेखील त्याने कधी पाहिलेला नसतो. आणि घरच्यांच्या मते त्याला गृहस्थ म्हणणेही दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. या दोन्ही अडचणी लक्षात घेता प्रस्तुत विवेचनापुरते त्यास 'गृहवैमानिक' म्हणणे सोयीचे ठरेल.

गृहवैमानिक साधारणतः पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो. शिवाजी उद्यमनगरात त्याचे छोटेसे वर्कशॉप असते किंवा बँकेतून त्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतलेली असते. आणि मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यामुळे माडीवरची खोली व त्या खोलीतील गेमिंगचा संगणक या दोन्ही मालमत्ता, वारसाहक्काचा प्रवाह उलटा वाहावा तशा, एकदमच वडिलांच्या ताब्यात आलेल्या असतात. त्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे कॉकपिट, हवामान आणि खालची जमीन यांचा हुबेहूब आभास निर्माण करणारी प्रणाली, बसवलेली असते. मायक्रोसॉफ्टने १९८२ साली आपला पहिला सिम्युलेटर बाजारात आणला तेव्हा पडद्यावर काही रेषा आणि पाहणाऱ्याच्या मनात त्यांना जमीन मानण्याची तयारी एवढेच भांडवल होते. २०२० च्या आवृत्तीत मात्र उपग्रहांच्या व विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे अवघी पृथ्वी उतरवली गेली, आणि पृथ्वी म्हटल्यावर तीत उजळाईवाडी आलीच.

उजळाईवाडीचा, म्हणजे कोल्हापूरचाच, विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ च्या सुमारास उभा राहिला. आज त्याला त्यांचेच नाव आहे आणि राजारामपुरीलाही त्यांचेच. या नामसाम्यातून गृहवैमानिक स्वतःचा विमानावरील वंशपरंपरागत हक्क सिद्ध करतो. इतिहासकारांना हा युक्तिवाद पटणार नाही. परंतु कुस्ती, कबुतरे आणि फुटबॉल यांच्यापायी घरादाराकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना ज्या शहराने नेहमीच मानाने वागवले, तेथे नाद करायला कारण द्यावे लागते हीच मुळात बाहेरगावची समजूत आहे.

नव्याने या मार्गाला लागलेला गृहवैमानिक प्रथम एका इंजिनाचे छोटे विमान उडवतो, आठवडाभरात त्याला कंटाळून थेट मोठ्या जेटमध्ये जाऊन बसतो, उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून ते बाहेर घालवतो आणि मग आत्मपरीक्षणाच्या काळात टर्बोप्रॉपकडे वळतो. टर्बोप्रॉप म्हणजे असे विमान की ज्यात जेटप्रमाणेच टर्बाइनचे इंजिन असते, परंतु त्या इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद मागे वायू फेकण्याऐवजी पुढचा पंखा फिरवण्यात खर्च होते. दोन इंजिनांचे, प्रत्येकी सहा पात्यांच्या पंख्यांचे आणि सत्तरेक प्रवासी नेणारे एटीआर-७२ हे या वर्गातील प्रमुख विमान होय. हैदराबाद, तिरुपती अशा मार्गांवर कोल्हापूरकरांनी ते प्रत्यक्ष पाहिलेले आहे, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती सिम्युलेटरसाठी उपलब्ध झाल्यापासून राजारामपुरीतील काही घरांत जेवणाची वेळ निश्चित राहिलेली नाही.

याचे कारण समजून घ्यायचे तर एटीआरचे इंजिन सुरू कसे होते हे पाहावे लागते, आणि गृहवैमानिकाच्या सहवासात आलेल्या कोणालाही ते पाहण्यावाचून गत्यंतर नसते. खेळ सुरू करताना विमान धावपट्टीवर तयार अवस्थेत मागून घेता येते. पण तसे करणाऱ्याला ही मंडळी आपल्यात बसवत नाहीत. विमान सगळे दिवे विझलेले, सगळी बटणे बंद अशा अवस्थेतच घ्यायचे, असा दंडक आहे. त्यात एटीआरला, इतर बहुतेक प्रवासी विमानांना असते तसे, जमिनीवर वीज आणि थंड हवा पुरवणारे वेगळे छोटे इंजिन नसते; त्याऐवजी उजवे इंजिन सुरू करून त्याचा पंखा तेवढा ब्रेकने रोखून धरायचा, अशी सोय आहे, आणि तिला हॉटेल मोड असे नाव आहे. इंजिन चालू आणि पंखा जागच्या जागी उभा, हे शक्य होते याचे कारण हवा दाबणारी टर्बाइने वेगळी व पंखा फिरवणारे टर्बाइन वेगळे असून त्यांना जोडणारा दांडा नसतो. मधला व्यवहार केवळ तप्त वायूवर चालतो. आयुष्यभर लेथवर काम केलेल्या माणसाला ही गोष्ट प्रथम कळते त्या रात्री त्याला झोप येत नाही, आणि तो घरात दुसऱ्या कोणाला झोपू देतो असेही नाही.

इंजिन सुरू करण्याचे बटण दाबल्यावर आतील फिरत्या भागाची गती हळूहळू वाढते, ती दहा टक्क्यांवर आली की कंडिशन लिव्हर नावाचा दांडा पुढे सरकवून इंधन सोडायचे, आणि मग टर्बाइनमधील तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे श्वास रोखून पाहत राहायचे. कारण गती पुरेशी नसताना इंधन आले तर ज्वाला आवरत नाही आणि खऱ्या जगात इंजिनाची पाती त्यात जायबंदी होऊ शकतात. खोट्या जगात काहीच बिघडत नाही, ही गोष्ट गृहवैमानिक मान्य करतो, पण आचरणात आणत नाही. नेमक्या याच क्षणी जिन्याखालून "अहो, पानं घेतलीत" अशी हाक येते.

"आलो की! काटा खाली येऊ दे जरा."

"कसला काटा? मासे नाहीत आज, वांगं आहे."

हा संवाद येथे तपशिलाने नोंदवण्याचे कारण असे की, गृहवैमानिकाच्या उड्डाणांपैकी पुष्कळशी याच टप्प्यावर संपतात. पंखा ब्रेकवर, इंजिन सुरू, केबिनमध्ये गार हवा, आणि कप्तान खाली भरल्या वांग्यावर. वस्तुतः त्याला उडण्याची फारशी ओढ नसतेच. यंत्र क्रमाने, चुका न करता, जिवंत झाले पाहिजे एवढीच त्याची आकांक्षा असते, आणि ते एकदा हैदराबादच्या दिशेने मार्गस्थ होऊन स्वयंचलित यंत्रणेच्या हाती गेले की त्याचा रस ओसरतो. जेट इतके सुधारलेले आहे की माणसाला सेवेची संधी देत नाही. टर्बोप्रॉपचे मात्र सतत काहीतरी पाहावे लागते, आणि ज्याच्या वर्कशॉपमध्ये आता कामगारच सगळे पाहतात अशा माणसाला हे फार मानवते.

सामग्रीच्या बाबतीत तो परावलंबी नसतो. बाजारातले प्लास्टिकचे दांडे त्याला हलके वाटतात, म्हणून पॉवर लिव्हरच्या मुठी तो उद्यमनगरातून ॲल्युमिनियमच्या करून आणतो, आणि हवेत वापरायच्या टप्प्यातून जमिनीवर वापरायच्या टप्प्यात जाताना खऱ्या विमानात लागते तशी अडसराची खटकी त्यात बसवून घेतो. ही खटकी महत्त्वाची आहे. तिच्या खालच्या टप्प्यात पंख्याची पाती इतकी सपाट होतात की ताकद देण्याऐवजी ती विमानाला मागे रोखून धरतात, आणि हे हवेत असताना घडणे कोणाच्याच हिताचे नसते. पायाखालची सुकाणूची पेडल्स गुळगुळीत फरशीवर सरकतात, त्यावरचा उपाय म्हणून त्यांच्या मागे घरातला पाटा टेकवलेला असतो. मिक्सर आल्यापासून तो रिकामाच होता, असे गृहवैमानिकाचे म्हणणे. तो नेमका आखाड महिन्यात लागतो, असे घराचे.

खरी परीक्षा उतरण्याची. पंख्याची तबकडी मोठी असल्यामुळे पॉवर लिव्हर पूर्ण मागे ओढला की तीच हवेला अडते आणि विमानाचा वेग झपाट्याने पडतो. म्हणून जेटच्या सवयीने धावपट्टीवर आल्या आल्या ताकद काढून घेणाऱ्याचे एटीआर माडीवरून सोडलेल्या नारळाच्या पोत्यासारखे खाली येते. ताकद किंचित राखून, अगदी शेवटी नाक हलकेच उचलून, म्हणजे फ्लेअर करून, चाके टेकवणे ही खरी कला होय. त्यात समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट उंची, पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारे ढग आणि प्रणालीने आणून ओतलेले त्या घटकेचे खरे हवामान. बाहेर राजारामपुरीत पाऊस पडत असेल तर पडद्यावरही पडतो, आणि खिडकी बंद करायला सांगितले असता गृहवैमानिक वायपर लावतो.

या प्रवासात त्याला एकच निष्ठावंत प्रवासी लाभतो, तो म्हणजे त्याची आई. तिरुपतीची यात्रा अंबाबाईच्या दर्शनावाचून पुरी होत नाही अशी श्रद्धा असलेल्या शहरात तिरुपतीचे उड्डाण वाया जाऊ देणे म्हाताऱ्या माणसाला पटणारे नसते. त्यामुळे ती मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत दीड तासाच्या आसपास बसून राहते, रेणिगुंट्याची धावपट्टी दिसताच हात जोडते आणि उतरल्यावर लाडू विचारते. गृहवैमानिकाची गती या एकाच प्रश्नापुढे कुंठित होते.

अलीकडे या वर्गात फूट पडली आहे. मुंबईच्या मार्गावर कोल्हापूरला एम्ब्रेअर जातीचे छोटे जेटही येत असल्यामुळे काहींनी ते धरले असून, जेटवाले व पंखेवाले असे दोन पक्ष जनता बाजाराच्या परिसरात संध्याकाळच्या चहाला समोरासमोर येतात. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यानंतर पेठापेठांत जेवढी कटुता येते तेवढी अजून आलेली नाही, इतकेच; तथापि चहाचे पैसे दोन्ही पक्ष वेगवेगळे देतात, हे लक्षण चांगले नव्हे.

गृहवैमानिक कधीतरी खऱ्या एटीआरनेही प्रवास करतो, आणि तेव्हा त्याची जागा उजव्या खिडकीशी, पंखा दिसेल अशा बेताने, आधीच राखलेली असते. शेजारचा प्रवासी बसतो न बसतो तोच तो त्याला धीर देतो: "घाबरू नका, उजवा पंखा बंद दिसतोय तो मुद्दाम बंद ठेवलाय." ज्याने तोवर पंख्याकडे पाहिलेलेही नसते असा तो शेजारी उरलेला वेळ दुसरे काही पाहत नाही. चाके टेकतात तेव्हा गृहवैमानिकाचे डोळे मिटलेले असतात, कारण तो पाठीने ऐकत असतो, आणि उतरताना दारातल्या हवाई सुंदरीला तो अत्यंत विनयाने सांगतो, "कॅप्टनसाहेबांना निरोप द्या, फ्लेअर जरा उशिरा झाला." ती सवयीने हसून "थँक यू सर" म्हणते. चार दिवसांनी तो परततो, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत कप्तानाने आपली चूक कबूल केल्याची बातमी राजारामपुरीच्या निम्म्या गल्ल्यांत पोहोचलेली असते.