लष्कराच्या भाकऱ्या, घारीचे पिल्लू

जखमी किंवा पोरका शिकारी पक्षी बहुधा रविवारी सापडतो, आणि तोही भर दुपारी, स्वयंसेवकाने पहिला घास मोडला की. सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. रायगडातल्या वडखळ नाक्याजवळचा विजेचा खांब, धरमतर खाडीकडचा एखादा खारबांध, ओस पडलेले मिठागर, नाहीतर कौलारू घराचा माळा. फोन करणाऱ्याचे वाक्यही ठरलेले असते: ‘‘दादा, गरुड पडलाय.’’

गरुड पडलेला नसतो, घार पडलेली असते. खाली पडलेल्या पक्ष्याला लोक एकदोन पायऱ्या बढती देऊनच कळवतात. घारीचा गरुड होतो, शिक्र्याचा ससाणा होतो आणि मुठीएवढा पिंगळा ‘‘हे एवढं मोठं घुबड’’ होतो. फोनवर हात दिसत नाहीत, पण ते किती ताणले आहेत हे आवाजावरून कळते. अनुभवी स्वयंसेवक म्हणून एकच विचारतो: शेपटीला मधे खाच आहे का? असेल तर ती नेहमीची घार, मटणाच्या दुकानावर घिरट्या घालणारी. डोके आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी असेल तर ब्राह्मणी घार. हिलाच विष्णूचे वाहन मानणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे फोन करणारा शास्त्राच्या आधाराने बरोबर ठरतो आणि स्वयंसेवकाने अशा वेळी वाद घालू नये. पोट पांढरेशुभ्र आणि पसरलेले पंख सहा फुटांच्या आसपास भरत असतील तर तो खाडीकाठचा समुद्रगरुड. म्हणजे एकदाचे खरे बोलणे झाले. ताट झाकून ठेवले जाते.

या कामाला घरातली मंडळी लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात. उपमा जवळजवळ चपखल आहे. पगार नाही, पेट्रोल पदरचे. फरक एवढाच की लष्कर निदान भाकरी भाजणाऱ्याचा हात फाडत नाही.

रायगडात हे काम करणारा माणूस मुळात पक्ष्यांसाठी घराबाहेर पडलेला नसतोच. तो सर्पमित्र असतो. भाताचा मुलूख, भाताला उंदीर, उंदरांमागे साप. त्यामुळे गावोगावी काठी आणि पिशवी बाळगणारे एकदोन तरुण निघतातच. पक्षी हे खाते त्यांच्याकडे नंतर जोडले गेले. गावाच्या हिशेबात जे फुसफुसते, ओरबाडते किंवा नुसतेच विचित्र दिसते, ते सगळे सर्पमित्राचे. या दोन खात्यांमधला पूल म्हणजे गव्हाणी घुबड.

गव्हाणी घुबड जुने माळे, गोदामे, देवळांचे कोनाडे अशा ठिकाणी अंडी घालते. अंडी एकदम उबत नाहीत, दोनतीन दिवसांच्या अंतराने फुटतात, त्यामुळे पिल्ले जिन्याच्या पायऱ्यांसारखी लहानमोठी असतात. आणि ही सगळी भावंडे भूक लागली, भीती वाटली किंवा काहीच वाटले नाही तरी सापासारखी फुसफुसतात. खाली झोपलेल्या घरमालकाला पहाटे तीन वाजता माळ्यावर नाग असल्याची खात्री पटते. फुसफुस पाच ठिकाणांहून येत असेल तर पाच नाग. सर्पमित्र शिडी लावून टॉर्च मारतो. समोर बदामाच्या आकाराचे पाच पांढरे चेहरे भजनाला बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे डावीउजवीकडे डोलत असतात.

इथे सुटका कोणाचीच करायची नसते, घरमालकाची समजूत घालायची असते. ते जास्त कठीण. घुबड घरात म्हणजे अपशकुन, हे त्याला कोणीतरी लहानपणीच सांगून ठेवलेले असते. घुबड लक्ष्मीचे वाहन आहे असे सांगून पाहावे, तर त्याचे मत असे की लक्ष्मीने यावे, पण वाहन बाहेर उभे करावे. शेवटी उंदीर कामी येतात. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या भातपट्ट्यात, उंदीर नुसते भात खात नाहीत, बांधही पोखरतात. आणि बांधाला भोक पडले तर उधाणाचे खारे पाणी आत शिरून शेत काही वर्षे तरी नापीक होते. ज्याच्या माळ्यावर उंदीर खाणारे अख्खे कुटुंब बिनभाड्याने राहते, त्याने भाडे मागू नये, हा युक्तिवाद खारेपाटातल्या माणसाला पटतो. दिवाळी जवळ आली असेल तर मात्र माळ्यावर घुबडे आहेत हे चारचौघांत बोलायचे नसते. त्या अमावास्येला जादूटोण्यासाठी घुबडे पकडणारे लोक अजून आहेत.

पक्षी पडतात ती कारणे फारशी गूढ नाहीत. संक्रांत एका दिवसात संपते, मांजा झाडावर पावसाळ्यापर्यंत लटकतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. तो दुकानातून दिसेनासा झाला, झाडावर दिसतोच. विजेचे म्हणाल, तर एका तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही. पण घारीचे पंख पसरले की चारपाच फूट भरतात आणि उडताना दोन तारांना एकदम लागतात. चिमणीला जो धोका नाही तो घारीला आहे, निव्वळ ऐसपैस असल्यामुळे. राहिला महामार्ग. पनवेल ते इंदापूर रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि वडखळ नाक्यावरच्या कोंडीत बसून त्यानंतर एका पिढीने बारावी पूर्ण केली. ज्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात तिथे पक्ष्याला धडक बसतेच कशी, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर असे की पक्षी रात्री मरतात. रस्ता तेव्हाच मोकळा होतो, ट्रक तेव्हाच वेग घेतात आणि गव्हाणी घुबड नेमके तेव्हाच कडेच्या गवतावर कान लावून, बोनेटच्या उंचीवर उडत असते.

स्वयंसेवक पोचतो तेव्हा पक्ष्याभोवती वीसपंचवीस माणसे आणि त्याहून जास्त कावळे असतात. उपद्रव कोणाचा अधिक, हे ठरवणे अवघड आहे. कावळे निदान लांबून टोचतात. माणसे जवळ येऊन पाणी पाजतात. दारी आलेल्याला आधी पाणी द्यावे ही रीत चांगली आहे, पण पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडे असते. चोच फाकवून ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते आणि विजेच्या धक्क्यातून वाचलेली घार पाहुणचाराने मरते. पाण्यानंतर दूध येते, दुधानंतर ग्लुकोज बिस्किट. पक्ष्यांना दूध पचत नाही आणि ससाण्याच्या कुळात आजवर कोणी बिस्किट खाल्लेले नाही. तरी प्रत्येक गर्दीत एक काका असतातच, ज्यांनी पूर्वी एक पोपट दुधावर वाढवलेला असतो.

त्यामुळे पहिले काम गर्दी हटवण्याचे. मोबाइल खाली ठेवा म्हटले की सगळे जण शेवटचा एक फोटो काढतात. मग ओढणी, टॉवेल किंवा जुनी चादर पक्ष्यावर अलगद टाकायची, डोळे झाकले जातील अशी. अंधार झाला की शिकारी पक्षी आश्चर्य वाटावे इतका शांत होतो. शिकारीसाठी ससाणे पाळणारे बाजदार लोक त्यांच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवीत, ती याचसाठी. नवखा माणूस चोचीला घाबरून डोके पकडायला जातो आणि पायांकडे दुर्लक्ष करतो. शिकारी पक्ष्याचे हत्यार चोच नाही, पाय आहेत. नख्या आवळल्या की त्या सोडवायला दुसरा माणूस लागतो, आणि तो दुसरा माणूस त्या वेळी फोटो काढत असतो.

पक्षी ठेवायचा तो पुठ्ठ्याच्या खोक्यात. पिंजरा मोठ्या प्रेमाने आणला जातो, पण तारेवर धडपडून पिसे मोडतात, म्हणून नको. खोक्यात खाली जुने कापड अंथरावे, वर झाकण, आणि हवेसाठी भोके. ही भोके पक्षी आत ठेवण्याच्या आधी पाडायची असतात. हे लिहिण्याची वेळ यावी एवढे अनुभव या क्षेत्रात गोळा झालेले आहेत. यानंतर खायला काही न देता, गाडीत गाणी न लावता, वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. हे सगळे पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. घरी पाळायचे म्हटले तर दयाबुद्धी ही पळवाट होत नाही.

पोरक्या पिल्लांची गोष्ट निराळी, कारण त्यांतली बरीचशी पोरकी नसतातच. एप्रिल-मेच्या वावटळीत आणि पावसाच्या पहिल्या सरींत शिक्र्याची, घारीची पिल्ले खाली येतात. पंख फुटलेले पिल्लू तर उडायला शिकताना जमिनीवर उतरणारच. आईबाप समोरच्या आंब्यावर बसून पाहत असतात. तेवढ्यात कोणीतरी कनवाळू माणूस येतो, पिल्लू उचलतो आणि रिक्षाने घेऊन जातो. यालाच सुटका म्हणण्याचा प्रघात आहे. आंब्यावरून पाहणाऱ्यांचा शब्द वेगळा असेल. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खोटी आहे. अगदी लहान पिल्लू असेल आणि घरटे सापडत नसेल, तर वेताची टोपली घ्यावी, तळाला काटक्या घालाव्या आणि त्याच झाडावर बांधावी. आईबाप टोपलीतही भरवायला येतात. त्यांची फक्त स्वयंसेवकाला झाडावरून उतरू देण्याची तयारी नसते. घारीची झडप टाळूवर बसते, म्हणून हेल्मेट. महामार्गावर न घालणारेही इथे घालतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा टोपली बांधायला झाडच उरले नाही अशी ठिकाणे होती. अशा वेळी पिल्लू वनविभागाच्या संमतीने स्वयंसेवकाकडेच वाढवावे लागते आणि खरी पंचाईत सुरू होते. नुसता चिकन खिमा दिला तर कॅल्शियम मिळत नाही, हाडे वाकतात. उंदीर केसांसकट, हाडांसकट लागतो. म्हणजे ज्या घरात उंदीर दिसला की आरडाओरडा होतो, त्या घराच्या फ्रीजमध्ये तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवण्याचा प्रसंग येतो. डबा उघडण्याआधी विचारावे, हा नियम अशा घरात पाहुण्यांनाही सांगितलेला असतो.

दुसरी पंचाईत लाडाची. डोळे उघडल्यावर जो भरवतो त्याला पिल्लू आपल्या जातीचा समजते. असे माणसाळलेले पिल्लू मोठे होऊन आभाळात गेले तरी भूक लागली की पहिल्या दिसणाऱ्या माणसाच्या खांद्यावर उतरते, आणि तो माणूस छत्रीने स्वागत करतो. अमेरिकेत १९८७ साली कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे प्रचंड गिधाड जगात अवघे २७ उरले होते. ते सगळे पकडून त्यांची वीण केली गेली आणि पिल्लांना भरवणारे लोक हातात कॉन्डॉरच्या तोंडाची बाहुली चढवून पडद्याआड बसत. मोठी माणसे दिवसभर बाहुलीशी खेळत आणि त्याचा पगार घेत. आपल्याकडे डोक्यावरून चादर घेऊन, तोंड बंद ठेवून चिमट्याने भरवतात. तोंड बंद ठेवणे हा भाग बहुतेकांना जमत नाही. ‘‘खा रे बाळा’’ निघतेच.

गिधाडांचा उल्लेख आला की विनोद जरा आवरता घ्यावा लागतो. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नव्वदच्या दशकापासून तीन जातींची ९७ टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली. कारण सापडले २००४ च्या सुमारास, जनावरांसाठी औषधावर बंदी आली २००६ साली. वडखळहून दक्षिणेला गेले की म्हसळा तालुक्यात चिरगाव लागते. तिथल्या गिधाडांसाठी महाडची ‘सीस्केप’ संस्था आणि तिचे प्रेमसागर मेस्त्री यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षे काम केले आहे. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे खाली पडलेले पिल्लू म्हणजे त्या जोडीचे अख्खे वर्ष. ते उचलायला जाणाऱ्याने जुने कपडे घालावेत. घाबरलेले गिधाड नख्या चालवत नाही, पोटातले सगळे समोरच्यावर ओकते. त्याचे जेवण कशाचे असते हे सर्वांना ठाऊक आहेच.

उपचार पशुवैद्यकाचे, तिथे स्वयंसेवकाने पाय धरून उभे राहायचे. दिल्लीत एका पक्षी रुग्णालयाने घार मांसाहारी म्हणून दाखल करून घेतली नाही, तेव्हा दोन भावांनी आपल्या तळघरातच घारींचा दवाखाना काढला. त्यांच्यावरचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२२ साली जगभर गाजला. वडखळकडे ती अडचण नाही, इथे पेशंट आणि डॉक्टर दोघेही मासे खातात. हाड जुळले तरी मोडलेली पिसे राहतात, आणि नवी यायला वर्ष लागू शकते. त्यावर बाजदारांची एक जुनी युक्ती आहे. आधीच्या पेशंटांची गळलेली पिसे जपून ठेवायची आणि मोडक्या पिसाच्या पोकळ दांड्यात बांबूची काडी व गोंद वापरून नेमके त्याच जागेचे पीस जोडायचे. तेराव्या शतकातला सम्राट दुसरा फ्रेडरिक याने आपल्या ग्रंथात ही रीत नोंदवून ठेवली आहे. म्हणून स्वयंसेवकाच्या घरी एका वहीत डावे-उजवे अशा नोंदींसह घारीची पिसे सापडतात, आणि मुलीसाठी घर पाहायला आलेल्या मंडळींना त्याचा खुलासा करावा लागतो.

पक्षी सोडायचा तो जिथे सापडला तिथेच. घार सकाळी, घुबड दिवेलागणीला. सरपंच, वर्गणीदार आणि पत्रकार यांना वेळ सांगू नये. सांगितली तर भाषणे संपेपर्यंत घार खोक्यात. झाकण उघडले की आभार, मागे वळून पाहणे, डोक्यावर एक घिरटी असले काही घडत नाही. घार सरळ विजेच्या त्याच खांबावर जाऊन बसते, दोन कावळे तिच्यामागे लागतात, मग ती खाडीकडे निघून जाते. खोका घरी आणून उन्हात ठेवतात. शिटेचा वास दोन दिवसांत जातो.