शुद्ध हेतूचं ऑडिट

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतल्या तळवड्यात उद्या कुठल्या शेडमध्ये ऑडिट आहे हे विचारावं लागत नाही, रस्त्यावरूनच कळतं. वर्षभर ऑइलनं काळी पडलेली फरशी एका रात्रीत घासून निघते. तिच्यावर पिवळे पट्टे उमटतात, गेटजवळच्या कुंडीला पाणी मिळतं आणि हेल्परच्या पायात सेफ्टी शूज येतात. ते संध्याकाळी मोजून परत कपाटात जातात. लाल बिनमधला रिजेक्ट माल मागच्या बोळातून टेम्पोत चढतो. ऑडिटर येतो, वाहन उद्योगाच्या दर्जा-मानकाची, म्हणजे आयएटीएफची फाइल चाळतो, एखाद्या पोराला क्वालिटी पॉलिसी विचारतो. पोरगं पाठ केलेलं घडाघडा म्हणतं. मग चहा, काजू आणि एखादी किरकोळ एनसी, म्हणजे उणिवेची नोंद. ती काढावीच लागते, नाहीतर ऑडिटरच्याच प्रामाणिकपणावर संशय यायचा. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांवर पुन्हा ऑइल.

या भागातला ख्रिस्ती माणूस आठवड्याचे सहा दिवस हेच बघतो. सातव्या दिवशी तो एकदम वेगळा वागेल ही अपेक्षा जरा जास्तच झाली. आमची बरीचशी मंडळी मूळची नगर, जालना, बीडकडची. आजोबा मिशनच्या शाळेत शिकलेले, बाप पत्र्याची पेटी घेऊन पिंपरीत उतरलेला, पोरगा चाकणला कंत्राटी. जोडीला केरळचे, तमिळ, मंगळूरचे, गोव्याचे. भाषा पाच, पंथ पंधरा. पण रविवारी सकाळी अंगावर येणाऱ्या इस्त्रीच्या बाबतीत संपूर्ण एकमत.

राखेच्या बुधवारी कॅथलिक चर्चमध्ये मत्तयच्या सहाव्या अध्यायातला भाग वाचतात. उपास करताय तर तोंड धुवा, केसांना तेल लावा, कोणाला पत्ता लागू देऊ नका, असा त्याचा मतलब. वाचन संपतं आणि सगळे रांगेत उभे राहून कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतात. फादरना विचारलं तर ते नीट समजावतात, की ही राख मरणाची आठवण आहे, उपासाची जाहिरात नव्हे. मला पटतं. फक्त व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला हे समजावून सांगायचं राहून गेलंय. दुपारपर्यंत तिथं इतकी कपाळं जमतात की चेहरे दिसेनासे होतात.

आम्ही प्रोटेस्टंट बहुतेक राख लावत नाही, त्यामुळे आम्हाला दिखाव्याची सोय वेगळी करावी लागते. ती आम्ही साक्षीत केली आहे. साक्ष म्हणजे मंडळीसमोर उभं राहून, प्रभूनं आपल्याला कुठल्या गाळातून काढलं ते सांगणं. गाळ जितका खोल तितकं वजन जास्त. अट एकच, पाप जुनं हवं. पंधरा वर्षांपूर्वीच्या दारूला आमेन मिळतो. परवा बिलात केलेल्या खाडाखोडीबद्दल अजून कोणी साक्ष दिलेली माझ्या ऐकण्यात नाही.

मग दान. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, असं त्याच अध्यायात आहे. आमच्या अर्पणाच्या पाकिटावर नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर यांचे रकाने आहेत. वार्षिक अहवालात देणाऱ्यांची यादी येते आणि ती आडनावाच्या अकारविल्हे नसते, रकमेच्या उतरत्या क्रमानं असते. बाकावर पत्र्याची पट्टी, घड्याळाखाली नाव, पंख्याच्या पात्यावर नाव. पंख्याची गंमत अशी की तो बंद असला तरच दाता वाचता येतो, फिरायला लागला की दाता अंतर्धान. मे महिन्यातही पंखे उपदेश सुरू झाल्यावरच का लावतात, याचं कोडं मला पुष्कळ वर्षं होतं.

यातला आदरणीय गट छोट्या कारखानदारांचा. दशांश पैशापर्यंत चोख. हजेरीवर जेवढी माणसं, त्यातली निम्मी पीएफच्या यादीत नाहीत, ओव्हरटाइम सिंगल रेटनं, पण दशांश चोख. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण बायबलमध्ये नाही, एवढ्यावर त्यांचं निभावतं. येशूनं मंदिरात प्रार्थना करणाऱ्या दोघांची गोष्ट सांगितली. परुशी आपल्या उपासांचा आणि दशांशाचा पाढा देवाला वाचून दाखवतो, आणि मागं उभा असलेला जकातदार छाती बडवून म्हणतो, मी पापी. पिंपरी-चिंचवडमध्ये 2013 पर्यंत जकात होती. नाक्यावर ट्रकची रांग ज्यानं पाहिली आहे त्याचा जकातदाराच्या कबुलीवर तत्काळ विश्वास बसतो. अडचण परुशाची आहे. गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण स्वतःला जकातदारात मोजतो आणि परुशी म्हणून शेजाऱ्याकडं बघतो.

ढोंगी माणूस ओळखणं सोपं काम आहे. त्याला स्वतःलाच आपण दिसावं असं वाटत असतं. खरा कोण, हे ठरवणं महाकठीण, आणि नेमकी त्याच कामाला सध्या उमेदवारांची तोबा गर्दी आहे. बाहेरचे म्हणतात, हे दुधाच्या पावडरीसाठी बाटले. आतले म्हणतात, आम्ही तीन पिढ्यांचे, तो नवा आलेला कशासाठी आला बघायला पाहिजे. तीन पिढ्यांपूर्वीचे पणजोबा दुष्काळात मिशनच्या दारात कशासाठी उभे होते, हे कोणी बघायला जात नाही. भूक लागली म्हणून जिथं भाकरी मिळाली तिथं माणूस गेला, आणि गेल्यावर त्याला तिथं भाकरीखेरीज आणखीही काही सापडलं, हे एवढं अशक्य का वाटावं?

हेतू तपासायच्या खात्यात सरकारही आहे. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीत थोडे अपवाद सोडता फक्त हिंदू धरले. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. आदेशाची समजूत अशी दिसते, की बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात विरघळते. आमच्याकडं सोयरिकी जुळवणाऱ्या आत्याबाईंना हे कोणी कळवलेलं नाही. ‘ख्रिस्तात सगळे एक’ हे गाणं गाऊन झालं की त्या हळूच विचारतात, ‘पण मूळचे कोण?’ आदेशामुळे अशी घरं आहेत जिथं दाखल्यावर एक धर्म आहे आणि चर्चच्या नोंदवहीत दुसरा.

26 नोव्हेंबर 2024 ला, म्हणजे ऐन संविधानदिनी, सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीतल्या एका बाईंचं अपील फेटाळलं. त्यांना क्लार्कच्या नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता. त्यांचा तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला होता आणि चर्चला जाणंही चालू होतं. श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचं सांगणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असं न्यायालय म्हणालं. कायद्यानं ते बरोबर असेल. पण खरं सांगितलं की पोराची फी वाढते, अशा खिडकीसमोर उभ्या असलेल्या बापाला दांभिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला हसू येतं ते खिडकीचं. तिला वाटतं, अर्जात एक रकाना वाढवला की काळजाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येईल.

आणि एवढी तपासणीची हौस असलेल्या देशात तपासणी नेमकी कुठं पोचत नाही, तेही तळवड्यानं पाहिलं आहे. 8 डिसेंबर 2023. केकवर लावायच्या, ठिणग्या उडणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या इथल्या एका शेडला आग लागली. जागेवरच सहा जीव गेले आणि पुढच्या दिवसांत आकडा वाढत राहिला. काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. नंतर सांगण्यात आलं की त्या कामाचा परवानाच नव्हता. त्या शेडमध्ये पिवळे पट्टे आहेत का हे बघायला कोणी गेलं नव्हतं. आमचा नाताळाआधीचा आगमनकाळ चालू होता. मेणबत्त्यांचाच मोसम. त्या कोण बनवतं, किती रोजावर, दाराला कडी आतून आहे की बाहेरून, हा प्रश्न कुठल्या उपदेशात आलेला मी ऐकला नाही. एकमेकांचे हेतू तपासून होईपर्यंत उपासनेची वेळ संपते.

हेतूचं गेज घेऊन फिरणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंचं काय केलं असतं, याचा विचार करून बघा. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुण्यात वादळ उठलं. तिकडं इंग्लंडातल्या धर्मभगिनीही खूश नव्हत्या, कारण या बाई प्रश्न फार विचारायच्या आणि सांगितलं ते मुकाट मानत नव्हत्या. पुढं रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आता ही आठ वर्षं कुठल्या बिनमध्ये टाकायची? लाल? रिवर्क? त्याच आठ वर्षांत, 1889 मध्ये, त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. मग हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणलं. ते शुद्ध हेतूच्या काळातलं काम होतं की आधीच्या, हे शारदा सदनात शिकणाऱ्या मुलीला काय करायचं होतं?

नारायण वामन टिळकांचं अजून विचित्र. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई आल्या त्या पाच वर्षांनी, सोवळं-ओवळं आपल्याच डोक्यानं तपासून आणि सोडून. तो सगळा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःला हसत हसत लिहिला आहे. स्वतःला हसणारा ढोंगी मला अजून भेटायचाय. टिळकांनी मिशनमध्ये पुष्कळ वर्षं काम केलं आणि 1917 मध्ये ते सोडलं. पगारी माणसाचा उपदेश लोक कोणत्या कानानं ऐकतात हे त्यांना ठाऊक नसेल असं वाटत नाही. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा. दारात दाखला नाही! आजच्या कुठल्याही पास्टोरेट कमिटीपुढं हा ठराव ठेवून बघा, कोरम लगेच भरेल आणि पुढच्या निवडणुकीची तारीखही ठरेल.

आपण ख्रिस्ताकडं आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं टिळक सांगत. निगडीहून देहूला जायचा एक रस्ता तळवड्यातून जातो, म्हणजे पुलाच्या वाटेवर आम्ही घर बांधून बसलोय. तुकोबांनी भगव्यातल्या ढोंग्यांना जे सुनावलं ते पांढऱ्या झग्यालाही अंगाबरोबर बसतं. पण वारीच्या दिवसांत आमच्यातल्या काहींना या रस्त्यावर फक्त ट्रॅफिक दिसतो.

संत पौलाला मात्र हा सगळा खटाटोप फारसा महत्त्वाचा वाटला नसता. तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिताना तो म्हणतो, की काही जण ख्रिस्ताची घोषणा मत्सरानं करतात, काही चांगल्या मनानं; असू दे, घोषणा होते आहे, मला आनंद आहे. माणूस कोठडीत होता, तरी दुसऱ्यांचे हेतू उकरायला बसला नाही. आणि मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला शेवटचा न्याय काढा. भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याला, तुरुंगातल्याला भेटलात का, एवढीच विचारणा. कशासाठी दिलं, हा प्रश्नच नाही. ज्यांनी दिलं ते उलट गोंधळून विचारतात, आम्ही हे कधी केलं? त्यांच्याकडं फोटो नव्हते, दुसरं काय.

आमच्या ओळखीच्या एका मंडळीत मागच्या उन्हाळ्यात अर्पणाच्या पेटीत एक बिननावाचं पाकीट निघालं. आत नोटा आणि चिठ्ठी: पंखा घ्यावा. कमिटी हेलावली. असं निरपेक्ष दान जगासमोर यायला हवं म्हणून पुढच्या रविवारी गुप्तदात्याचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार करायचं ठरलं. पाळकांनी व्यासपीठावरून आवाहन केलं, संकोच न करता पुढं यावं. तिघं आले. कमिटीनं प्रार्थनापूर्वक विचार करून तिन्ही नावं पात्यांवर रंगवली. पाती नशिबानं तीनच होती. चिठ्ठीतलं अक्षर तिघांपैकी कोणाशीच जुळत नाही, असं सेक्रेटरी खासगीत सांगतात. पंखा मात्र सुरेख चालतो. त्याच्या बरोबर खालची जागा मिळावी म्हणून मी हल्ली त्या मंडळीत उपासनेच्या अर्धा तास आधी जाऊन बसतो. याचा भक्तिभाव वाढलाय, असं म्हणून कमिटी माझ्याकडून साक्ष मागते आहे.