पावणेदोन मंत्री

सात आमदारांच्या पक्षानं सरकारात जायचं की नाही, यावर त्या पक्षाची कार्यकारिणी दोन दिवस ‘चिंतन’ करते आणि बाहेर येऊन एकच शब्द सांगते: ‘सन्मानजनक’. वाटा सन्मानजनक मिळाला तर जाऊ. हा सन्मान कुठल्या मापानं मोजायचा ते कोणी सांगत नाही, म्हणून इथे काढून ठेवू. हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. विधानसभा २८८ ची. २००३ च्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाला पंधरा टक्क्यांचं कुंपण घातलंय, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३ मंत्री. सरकारामागे समजा १७२ आमदार. चार आमदारांमागे एक मंत्री. साताला चारानं भागलं की सन्मान येतो पावणेदोन.

एक मंत्री समजला, पण वरचा पाऊण कुठून आणायचा? त्याची सोय आपल्याकडे कधीचीच झालेली आहे. त्याला राज्यमंत्री म्हणतात. त्याची शपथ पूर्ण, दालन पूर्ण, गाडी पूर्ण. दारावरची पाटी तर कॅबिनेट मंत्र्याच्या पाटीपेक्षा दोन बोटं लांब, कारण तिच्यावर पाच-सहा खात्यांची नावं बसवायची असतात. येत नाही ती फक्त फाईल. कॅबिनेट मंत्री वाटून देईल तेवढेच अधिकार याच्याकडे, आणि कॅबिनेट मंत्री मोठ्या पक्षाचा. त्याचा हात वाटपात नेहमीच आखडतो. चुकून एखादी फाईल खाली उतरलीच, तर तिच्यावर आधीच शेरा असतो, ‘कृपया चर्चा करावी’. चर्चा ज्याच्याशी करायची तो दौऱ्यावर. मात्र सभागृहात एखाद्या निर्णयावरून आग लागली की उत्तर वाचायला पाऊण मंत्रीच उभा. निर्णय त्यानं पाहिलेला नसतो, कागद पाच मिनिटांपूर्वी हातात पडलेला असतो, आणि विरोधक ओरडले की तो ‘तपासून पाहू’ म्हणतो. हे त्याचं त्या दिवसातलं एकमेव खरं वाक्य. घटनेनं मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक ठेवली आहे, त्यामुळे अधिकार चार आण्यांचा असला तरी जबाबदारी सोळा आणे. पूर्वी निदान लाल दिवा होता. २०१७ च्या महाराष्ट्र दिनापासून तोही गेला, आता पाऊण मंत्री आणि पूर्ण मंत्री रस्त्यावरून ओळखू येत नाहीत, एवढाच काय तो सन्मान.

यावर ठरलेलं उत्तर येतं: बाहेर राहून कामं होत नाहीत, कार्यकर्त्याला ताकद द्यावी लागते. ताकद भाषणात नसते, आकड्यात असते, म्हणून आकडाच पाहू. बहुमताला १४५ लागतात. १७२ मधून सात उठून गेले तरी १६५ उरतात, सरकारचा पंखासुद्धा हलत नाही. अशा सरकारात बसून दर पंधरवड्याला ‘आम्हाला गृहीत धरू नका’ म्हणणाऱ्याला गृहीत धरण्याचीही कोणी तसदी घेत नाही. आणि सरकार दीडशेवर टेकलेलं असेल तर? मग हे सात जण म्हणजे सरकारचा प्राणवायू. पण मग आत जायचंच कशाला? बाहेर बसून अर्थसंकल्पाच्या मतदानाआधी एकेक काम लिहून घेता येतं. आत गेल्यावर तेच काम जोरात मागितलं की स्वतःच्याच सरकारविरुद्ध बोलल्याचा ठपका. बाहेर बसून लगाम हाती ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यासाठी एक सवलत देऊ: ज्या प्रश्नावर मतं घेतली त्याच प्रश्नाचं खातं, पूर्ण मंत्र्यासह, मिळत असेल तर खुशाल जा. कांद्याच्या भावावर निवडून आलात ना, मग पणन मागा. मागतात काय? सार्वजनिक बांधकाम! पणनात काही नाही म्हणे. निर्यातीचा निर्णय दिल्लीत होतो, इथून फक्त पत्रं लिहायची. अहो, मग लिहा की पत्रं! रोज एक लिहा, पेपरात छापून आणा, दिल्लीच्या दारात जाऊन बसा. लासलगावला कांद्याची ट्रॉली परत फिरवणारा माणूस तेवढ्यासाठीच मत देऊन बसलाय. यांचा मंत्री तोवर कुठल्याशा पुलाच्या कोनशिलेवर आपलं नाव तिसऱ्या ओळीत का, म्हणून रुसलेला. मतं कांद्याची घेतली आणि खाल्लं डांबर. याला धोरण म्हणत नाहीत, चोरी म्हणतात.

असो. रागाच्या भरात हिशेब अर्धाच राहिला. सातातले दोघं गाडीत बसले की मागे पाच उरतात. दहाव्या परिशिष्टाप्रमाणे दोनतृतीयांश आमदार विलीनीकरणाला तयार झाले तर कोणाची आमदारकी जात नाही, आणि साताचे दोनतृतीयांश करून पाहा: पाच. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मोठ्या पक्षाला नेमके लागतात तेवढे नाराज छोटा पक्ष मोजून, निवडून, स्वतःच्या हातानं काढून ठेवतो आणि वर पेढे वाटतो. पाचांनाही याची कल्पना आहे, अध्यक्षांनाही आहे. म्हणून पाचांना सांगण्यात आलंय की पाऊण मंत्र्यातला राहिलेला पाव तुमचाच. महामंडळांची यादी दिवाळीनंतर निघेल. कोणत्या दिवाळीनंतर, ते यादीत आहे.