पट्टा पोटावर चढतो

मूल पहिलीत गेलं की गाडीतली त्याची खुर्ची माळ्यावर जाते. नवी मुंबईत, नेरुळ-सारसोळेच्या सोसायट्यांमध्ये हे सर्रास चालतं. "आता मोठा झालाय तो." "त्यालाच नको असतं ते." "शाळेतली मुलं हसतात." कारणं तयार असतात. आणि ही झाली खुर्ची आणणाऱ्यांची गोष्ट. बहुतेक घरांत ती कधी आलेलीच नसते, त्यामुळे ती कधी काढायची हा प्रश्नच पडत नाही.

पण प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तरही स्पष्ट आहे. गाडीचा पट्टा मुलाच्या अंगावर जिथे बसायला हवा तिथे बसू लागला की बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, काढायचा, त्याआधी नाही. यासाठी सर्वसाधारणपणे धरला जाणारा ढोबळ आकडा १४५ सेंटीमीटर उंचीचा आहे. आपल्याकडच्या साधारण बांध्याच्या मुलाला तिथवर पोचायला अकरा-बारा वर्षं लागतात. म्हणजे सहावी-सातवीपर्यंत बूस्टर हवा. पहिलीत काढला तर पाच-सहा वर्षं आधी काढला.

पाच-सहा वर्षांनी काय बिघडतं? गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. आपल्या अंगावर त्याची खालची पट्टी कमरेच्या हाडांवर अडकते आणि धक्का ती हाडं झेलतात. मुलाची ती हाडं अजून पुरती वाढलेली नसतात. त्यात सीट खोल असते, गुडघे कडेपर्यंत पोचत नाहीत, मग मूल पुढे घसरून बसतं आणि पट्टी सरकून पोटावर येते. गाडी आदळली की सगळा जोर आतड्यांवर आणि कण्यावर. वरची पट्टी गळ्याला घासते, म्हणून मूल ती काखेखालून घेतं नाहीतर पाठीमागे टाकतं. आईवडील आरशात बघतात आणि गप्प बसतात, कारण बकल लागल्याचा आवाज ऐकलेला असतो. त्या पट्ट्याने छाती धरलेलीच नसते. बूस्टरचं काम एवढंच, की मुलाला चार बोटं वर उचलायचं म्हणजे दोन्ही पट्ट्या हाडांवर येतात.

तपासायला पाच मिनिटं लागतात. उभ्या गाडीत मुलाला मागच्या सीटवर बसवा. पाठ पूर्ण टेकलेली हवी, गुडघे सीटच्या कडेला वाकायला हवेत, खालची पट्टी मांड्यांच्या मुळाशी आणि वरची खांद्याच्या मधोमध हवी. आणि मूल तसंच सबंध प्रवासभर बसायला हवं. पेंगलं की आडवं होतं, मोबाइल हातात आला की घसरतं, असं असेल तर ते अजून तयार नाही. दोन गाड्यांमध्ये उत्तर वेगळं येऊ शकतं, कारण सीटची खोली वेगळी असते. आजोबांच्या गाडीतही बसवून बघा. मागे मधल्या जागी फक्त कमरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टर चालत नाही, हेही दुकानदार सांगत नाही.

आता पाम बीच रोडवर या. वाशीहून बेलापूरला जाणारा हा रस्ता नवी मुंबईतला सगळ्यात मोकळा, त्यामुळे गाड्या सुसाट. रविवारी संध्याकाळी सारसोळेच्या सिग्नलला थांबलेल्या गाड्यांत नजर टाका. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर तान्हं. दोन सीटांच्या मधल्या फटीत उभा राहून पुढे डोकावणारा पाच वर्षांचा मुलगा. सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर आलेली बहीण, खाली तिचे पाय धरून बसलेला मामा. वडिलांनी स्वतः मात्र पट्टा लावलेला असतो.

"मी धरलंय ना घट्ट," हे आजीचं वाक्य. आजीची माया खरी, पण गणित ऐकत नाही. वीस किलोचं मूल, ताशी ५० किलोमीटरचा वेग, गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर हातांना जवळजवळ २८० किलोचा जोर पेलायला हवा. तो कुणालाच पेलत नाही. मूल हातातून सुटतं, आणि मांडीवरचं असेल तर मागून आजीचंही वजन त्याच्यावर येतं.

आणि पुढच्या सीटवर एअरबॅग असते. ती ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने उघडते, पट्टा लावून मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसासाठी. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत, सारसोळेपासून गाडीने काही मिनिटांवर, पुढची एसयूव्ही दुभाजकावर आदळली आणि मागच्या गाडीच्या बॉनेटवर आली. मागच्या गाडीची एअरबॅग उघडली. पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा गेला. अंगावर वरून मोठी जखम नव्हती, मार आत होता. बातमी चार दिवस गाजली, प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरली. पुढच्या रविवारी मुलं पुन्हा पुढच्या सीटवर होती. याचा मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

कायद्याने काय केलं? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल सीट बेल्टने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा आसनाने बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. म्हणजे चार वर्षांच्या पोराला मोठ्यांचा पट्टा गळ्यावरून ओढला तरी कायद्याचं समाधान. उंचीचा उल्लेख नाही. ब्रिटनमध्ये १३५ सेंटीमीटर किंवा १२ वर्षं, जर्मनीत १५० सेंटीमीटर किंवा १२ वर्षं, यांपैकी जे आधी होईल तोवर आसन लागतं. तिथे राहणारी आपली मराठी कुटुंबं हे बिनतक्रार पाळतात आणि सुट्टीला आली की विमानतळापासूनच पोराला मांडीवर घेतात. गंमत म्हणजे, आपल्याच सरकारने स्कूटरसाठी नियम बारकाईने लिहिला आहे: फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा. तेवढीच काळजी कारमधल्या मुलासाठी लिहायला काय हरकत होती?

गाडी घेताना मात्र सगळे 'पाच स्टार' विचारतात. ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. त्यात मुलांच्या सुरक्षेचे स्टार वेगळे मिळतात, आणि ते दीड वर्षाचा व तीन वर्षांचा असे दोन पुतळे मुलांच्या खास खुर्चीत बांधून, गाडी आदळवून ठरतात. खुर्ची नसेल तर ते स्टार तुमच्या मुलाचे नाहीत. शोरूममध्ये मॅट, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळ्याचं पॅकेज पुढे येतं. "घरात मूल आहे का, उंची किती?" हे कुणी विचारत नाही. साधा बूस्टर पुष्कळदा त्या सीट कव्हरांपेक्षा स्वस्त पडतो.

केंद्राने १९४ ब मध्ये उंची घालावी, १४५ सेंटीमीटर, स्पष्ट शब्दांत. नवी मुंबईच्या आरटीओने नव्या गाडीची नोंदणी करताना विक्रेत्याकडून खुर्चीची माहिती दिल्याची सही घ्यावी. तोवर सारसोळेच्या सिग्नलवरच्या हवालदाराला नव्या कायद्याची वाट बघायचं कारण नाही. दंडाची पावती आजही फाडता येते, आणि पुढच्या सीटवर मांडीवर बसलेलं मूल काचेतून स्पष्ट दिसतं.