समुद्री माशांच्या दुकानमालकांना अनावृत पत्र

परळातल्या समुद्री माशांच्या दुकानाचे सन्माननीय मालक यांस,



आपल्याकडून आणलेला पावडर ब्लू टँग दुकानात कसा लखलखीत होता! घरी येऊन आठवडा उलटायच्या आत त्याच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे दाणे उमटले. तो दगडाला अंग घासू लागला, कल्ले धापा टाकू लागले. दुकानातल्या तजेल्याचं गुपित मग कळलं. पाण्यात जेमतेम कॉपरचं औषध सोडून ठेवायचं, म्हणजे ठिपके दबतात, रोग मरत नाही आणि मासा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन आजारी पडतो. धन्य आहात!

आपल्या सगळ्या टाक्यांत पाणी एक, फिल्टर एक आणि जाळीही एकच. इतका समभाव क्वचितच पाहायला मिळतो.

वर मोफत सल्ला दिलात : “ठिपके गेले ना काका? मग बरा झाला.” केवढा हा दिलासा! क्रिप्टोकॅरिऑन नावाचा हा परजीवी माशाच्या कातडीखाली काही दिवस पोसतो. तिथवर औषध पोचत नाही. मग तो गळून पडतो, वाळूत किंवा काचेवर कोश करतो. ठिपके दिसेनासे होतात ते त्यामुळे. पुढे एकेका कोशातून शेकड्यांनी पिल्लं सुटतात आणि पुन्हा त्याच माशावर तुटून पडतात. माझा टँग या दुसऱ्या फेरीत गेला.

“औषध सरळ मोठ्या टाकीत ओता,” हाही आपलाच उपदेश. तो ऐकला असता तर कोळंबी आणि प्रवाळ आपले ऋण फेडायला उरलेच नसते. कॉपर त्यांना विष. दगडासोबत फुकट आलेली एप्टेशिया, म्हणजे तणासारखी माजणारी समुद्रफुलं, मात्र आपल्या आज्ञेप्रमाणे चिमट्याने तोडली. तुटल्या तुकड्यांतून नवी उगवली आणि आता अख्खा दगड आपल्या कृपेने भरला आहे.

क्रिप्टोकॅरिऑनला हे नाव १९५१ साली मिळालं. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालयही त्याच वर्षी सुरू झालं. इतक्या जुन्या रोगाची आपल्याला खबर नसावी? तीही परळात, जिथे १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि १८९९ पासून हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा होती! आजाऱ्याला वेगळं ठेवावं, हे इथल्या चाळींना प्लेगने शिकवलं, कोविडने पुन्हा शिकवलं.

मालक, आता हात जोडून मागतो. नवा माल महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. जाळी वेगळी, बादली वेगळी. त्याचे पैसे वाढवून घ्या, मी देईन. समुद्रातून धरून, पिशवीत कोंबून इथवर आणलेला जीव आहे तो. त्याला जगायची एवढी तरी संधी द्या.

आणि वाचकहो, दुकानदार काहीही म्हणो, नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडू नका. रोग शिरलाच असेल तर सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत उपचार करा आणि मूळ टाकी अडीच महिने माशांविना चालू ठेवा. मासा मिळाला नाही की हा परजीवी उपासमारीने मरतो.

आपला,
एक जुनं गिऱ्हाईक