पळा, पण हळू

रक्तातली साखर फसवता येते, अशी माझी कित्येक वर्षं पक्की समजूत होती, आणि ती फारशी चुकीचीही नव्हती. तपासणीच्या आधी तीन दिवस भात बंद, चहा फिका, रात्री नुसतं वरण. उपाशीपोटीचा आकडा कसा गुणी यायचा! मग आमचे जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि नव्यांनी एचबीएवनसी लिहून दिली. ही तपासणी तीन दिवसांच्या वरणाला दाद देत नाही. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर त्या जिवंत असेपर्यंत सुटत नाही. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. त्यात गणपतीतले मोदक आले, सर्वपित्रीची खीर आली आणि कचेरीतल्या प्रत्येकाचे वाढदिवस आले. साडेसहाला मधुमेह सुरू होतो. माझा आकडा होता 7.8.

डॉक्टर म्हणाले, "गोळी देतोच. पण साताऱ्यात राहता आणि पळत नाही?"

हा टोमणा साताऱ्यातच बसतो. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. शिवाय दर पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन असते, त्या दिवशी अख्खा गाव एक तर पळतो नाही तर पळणाऱ्यांना टाळ्या वाजवतो. जिल्ह्याच्या रक्तात धावणं आहे. माझ्या रक्तात काय होतं ते वर सांगितलंच.

पहाटे पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये नाव घातलं. बूट आणले. त्यांची किंमत घरात निम्मी सांगितली, तरी बायको म्हणाली, "एवढ्यात माझी पैठणीची किनार तरी आली असती." मी विषय इतिहासाकडे वळवला: 1920 साली बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले होते. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची अनवाणी पोरं पळताना पाहिली आणि त्यातून भारताचा संघ धाडायची कल्पना निघाली, ही माहिती मी बायकोला दिली. ती मला उलटी पडणार हे कळायला हवं होतं. "अनवाणी ना?" एवढंच ती म्हणाली.

ग्रुपच्या सरांचा पहिला धडा असा, की बोलत बोलत पळायचं. बोलता येईना झालं की वेग जास्त झाला, कमी करा. आधी महिनोन् महिने सावकाश पळून दम कमवायचा, वेगाचं नंतर बघू. ऐकायला सोपं वाटतं. पण पन्नाशीतल्या नवशिक्याला ज्या वेगाने बोलता येतं, त्याला पळणं म्हणायला मोठं मन लागतं. पोवई नाक्याजवळ एक कुत्रं भुंकत माझ्या मागे लागलं. दहा-बारा पावलांत त्याचा उत्साह मावळला आणि ते नुसतं चालायला लागलं. तरी आम्ही बरोबरच होतो. अजिंक्यताऱ्याच्या चढावर काठी टेकत निघालेले एक आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय ओ, पाय मुरगाळलाय का?"

बोलायचं तर कोणाशी? सरांनी माझी जोडी एका किराणा दुकानदाराशी लावून दिली. त्यांचा आणि चुलतभावांचा बांधावरून वाद आहे, कोर्टात गेलेला. सपाटीवर त्यांना गट नंबर, सर्व्हेची तारीख, तलाठ्याने काय लिहिलं आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं, सगळं सांगता यायचं. चढ लागला की तारखा गळायच्या. आणखी चढलो की नुसते "तो... हरामखोर..." एवढंच उरायचं. तिथे मी ओळखायचो, की वेग वाढला. मनगटावरचं घड्याळ नाडी मोजत होतंच, पण मला बांध जास्त भरवशाचा वाटायचा. पावसाळ्यापर्यंत ते पहिल्या वळणावर संपूर्ण फेरफार सांगू लागले, तेव्हा सर म्हणाले, तुम्ही दोघं स्पर्धेला तयार आहात.

हाफ मॅरेथॉन म्हणजे 21 किलोमीटर आणि वर साडेसत्याण्णव मीटर. हे साडेसत्याण्णव मीटर मला फार झोंबले. मुळात 1908 च्या लंडन ऑलिंपिकला शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुरू झाली आणि राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. तेच अंतर, 42 किलोमीटर 195 मीटर, पुढे 1921 मध्ये कायमचं ठरलं. त्याचं निम्मं आम्ही पळतो. राजांच्या सोयीने रस्ता आखला जातो याचं राजधानी साताऱ्यात कोणाला नवल नाही, मला तेवढं शेवटच्या टप्प्यात वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी धुकं, भुरभुर पाऊस, वळणावळणावर ढोल-ताशा. घाट चढताना दुकानदारांचा बांध तिसऱ्या वळणावर बंद पडला. परतीच्या उतारावर पुन्हा सुरू झाला. माझं टायमिंग विचारू नये. आम्ही पोचलो तेव्हा केळी संपली होती, पण मेडल शिल्लक होती.

पुढच्या तपासणीत आकडा 6.3 आला. गोळी अर्धी झाली. कचेरीत ही बातमी सांगितली तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले, "मग पेढे कुठायत?" कंदी पेढे मीच आणले. मी एक खाल्ला आणि दुसरा कागदात गुंडाळून शेजारच्या टेबलावर सरकवला.

पण हे सगळं नंतरचं. चढापेक्षा उतार मांड्यांना जास्त झिजवतो, हे स्पर्धेनंतरच्या सोमवारी कळलं. खाली उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात जात अंगाचा भार तोलतो, आणि त्याची वसुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. आमची कचेरी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मधल्या सुट्टीत मी कठडा धरून, तोंड भिंतीकडे करून, पाठमोरा उतरत होतो. खाली पाहिलं तर आस्थापना शाखेतले एक साहेब तसेच उतरत होते, आणि त्यांच्याही खाली लेखा शाखेतल्या मॅडम. कोणीच कोणाला काही विचारलं नाही. तळाशी शिपाई चहाचा ट्रे घेऊन वाट मोकळी व्हायची वाट पाहत उभा होता. बराच वेळ थांबून शेवटी तो म्हणाला, "तिघंबी पळालात व्हय? मग आता जरा पटापट उतरा की, चहा निवतोय."